बावीतली नळी

बोंबील बेचाळीस अंशांच्या वाऱ्यात दीड दिवसात कडक सुकतो. ही माहिती अख्ख्या थळ गावात फक्त आमच्या घरात होती, आणि ती आमच्याकडे पुण्याहून कुरिअरनं आली. नातवंडं म्हणतात, आजी, हे लिहून ठेव. मी म्हणते, लिहिलं तरी कोण विश्वास ठेवणार? तरी बसले आहे लिहायला. गुडघा धरलाय, बाहेर जाता येत नाही, आणि दुपारचं टीव्हीवर बघण्यासारखं काही नसतं.

तेव्हा अलिबागला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी घरी बसले होते. ‘घरी बसले’ हा आईचा शब्द. प्रत्यक्षात मी पहाटे तिच्याबरोबर बंदरावर जायचे, टोपल्या उचलायचे, आल्यावर जवळा निवडायचे, आणि मग ती आल्यागेल्याला सांगायची, “पोरगी शिकून घरी बसलेय.” पुण्यात दातार म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची वेबसाइट होती. बाजारात नवा भारी प्रोसेसर आला की ते तो आणायचे, त्याला मरेस्तोवर राबवायचे, आणि तो किती पळतो, किती तापतो, कुठल्या कूलरनं थंड राहतो हे वाचकांना सांगायचे. प्रोसेसर म्हणजे काडेपेटीएवढी चपटी चकती, पण एकेका चकतीच्या किमतीत आमच्या आळीत कुणीही जुनी मोटरसायकल घेतली असती. दातार सरांना मुंबई-कोकणातल्या वाचकांची पत्रं यायची, की तुमचे आकडे पुण्याच्या हवेचे, आमच्या दमट हवेत ते खरे ठरत नाहीत. म्हणून त्यांना समुद्राकाठचं माणूस हवं होतं. तीन महिने घरून काम करायचं, नीट केलं तर पुण्याच्या लॅबमध्ये कायमची नोकरी. मला ती नोकरी इतकी हवी होती की रात्री झोपेत मी पुण्याला जाऊन यायचे.

“प्रणाली, नियम दोनच,” सर पहिल्याच फोनवर म्हणाले. “आकडा जसा येईल तसा पाठवायचा. आणि मांडणीत काहीही बदललंस, एक स्क्रूसुद्धा, तरी आधी मला सांगायचं.”

“हो सर,” मी म्हणाले. त्यात काय अवघड होतं?

सरांनी कुरिअरनं पाठवलेलं यंत्र मी मागच्या खोलीत मांडलं. एका बाजूला तांदळाचे डबे, दुसऱ्या बाजूला बाबांची जुनी जाळी, आणि मधे टेबलावर उघडाबोडका कॉम्प्युटर. चकतीवर राखाडी मलम लावायचं, त्यावर कूलरचं डोकं घट्ट बसवायचं. त्या डोक्यातून दोन रबरी नळ्या निघून जाळीदार चौकटीत जायच्या. नळ्यांतून पाणी फिरायचं, चौकटीला लावलेले तीन पंखे ते थंड करायचे, आणि चकतीची सगळी धग खोलीत फेकायचे. मी भार टाकला, म्हणजे चकतीला पूर्ण जोर लावून कामाला जुंपलं, की पंखे असे घोंघावायचे की गावाबाहेरच्या कारखान्याचा भोंगा झाला तरी ऐकू यायचा नाही. चकती ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांवर जाऊन टिकायची. शंभराला पोचली तर ती स्वतःच वेग कमी करते, जीव वाचवायला. मी दर पाच मिनिटांनी आकडे बघायचे, खोलीतली हवा मोजायचे, आणि संध्याकाळी सगळं पुण्याला पाठवायचे.

बाबा दारात खुर्ची टाकून बसायचे. तीस वर्षं होडीवर मशीन सांभाळलेला माणूस. इंजिनाला आमच्याकडे मशीनच म्हणतात. कमरेचा मणका सरकला, डॉक्टरांनी होडी बंद केली, आणि तेव्हापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. आधी ते घरातला मिक्सर खोलून परत जोडायचे. मग शेजाऱ्यांचा. माझं यंत्र आलं तसे ते त्यावर तळहात धरून म्हणायचे, “दमलाय. जरा सोड त्याला.” मी बघायचे तर खरंच आकडा चढलेला असायचा. मला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा, कारण मी थर्मामीटर लावून जे शोधत होते ते हे हातानं सांगत होते.

आता आईचं ऐका. नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात जायला लागल्या होत्या, बोंबील मुबलक येत होता, आणि ऊन मात्र आठवड्यातून दोन दिवस. ओला बोंबील सुकला नाही तर त्याला वास सुटतो आणि मग तो खतालाच जातो. एक दिवस आई मला चहा द्यायला खोलीत आली, पंख्यांसमोर उभी राहिली, आणि पदर फुगवून म्हणाली, “गो बाय, एवढा चांगला वारा फुकट चाललाय.”

दुसऱ्या दिवशी मी बंदरावरून आले तर चौकटीसमोर दोरी, आणि दोरीवर तोंडात तोंड अडकवलेले चाळीसेक बोंबील. मी ओरडले. ती म्हणाली, “तुझं काय खातात का ते?” खरं म्हणजे खात नव्हते. आकडे तसेच येत होते. मी मनाशी म्हटलं, यंत्राला कुणी हात लावलेला नाही, स्क्रू जागचा हललेला नाही, मग सरांना काय सांगायचं? हळूहळू आईनं माझं वेळापत्रकच ताब्यात घेतलं. “उद्या किती वाजेपर्यंत चालवशील?” विचारायची आणि तसा माल घ्यायची. बाजारात आमच्या सुक्या बोंबलाचं नाव झालं. बायका विचारायच्या, पावसात कसा गो सुकवतेस? आई म्हणायची, “पोरगी पुण्याची नोकरी करते ना.” त्यांना वाटायचं ती विषय बदलतेय.

चौथ्या आठवड्यात मधला पंखा करकरला आणि थांबला. पाठोपाठ दुसरा. मी चौकट काढून उजेडात धरली. पत्र्याच्या बारीक पाकळ्यांत खवले, मीठ आणि एक चिकट पिवळा थर, आणि पंख्यांच्या आसाला गंज. यंत्र शंभरावर जाऊन बंद पडलं होतं. मी तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. तुम्हीच सांगा, पुण्याच्या माणसाला हे कुठल्या शब्दांत सांगायचं? सर, माझ्या आईनं तुमच्या कूलरवर बोंबील वाळत घातले होते. मी जमिनीवर बसून रडले. नोकरी गेलीच म्हणून रडले.

“मना दाखव,” बाबा म्हणाले.

त्यांनी चौकट हातात घेतली, वास घेतला, आईकडे एकदा बघितलं आणि बाजूला ठेवून दिली. “वाऱ्यानं कोन मशीन थंड करतो? आमच्या होडीला पंखा हाय? होडीच्या बुडाला बाहेरनं नळी फिरवलेली असते. मशीनचं गरम पानी त्या नळीतनं जातं, भायेर समुद्र असतो, तो थंड करतो. बास! देवानं समुद्र कशाला दिलाय?”

“बाबा, समुद्र खोलीत कसा आणणार?”

“समुद्र कशाला? बाव हाय ना.”

विहिरीला आम्ही बाव म्हणतो. आमची बाव मागच्या खोलीच्या भिंतीला लागूनच. बाबांनी भंगारातून तांब्याची नळी आणली, तिची मोठी गुंडाळी केली, रबरी नळ्या कापून तिला जोडली, होडीतलं पाणी उपसायचा छोटा पंप मधे बसवला, आणि गुंडाळी दोरीनं बावीत सोडली. दोन दिवस ते कंबर विसरले होते. तोंडानं गुणगुणत होते. आईनं मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, “काय बोलू नको. होडी सुटल्यापासून त्यांना असं बघितलं न्हाय मी.” मी कशाला बोलतेय? मला फक्त यंत्र चालायला हवं होतं.

भार टाकला. साठ. अर्धा तास झाला, एकसष्ट. पंख्यांचा आवाज नाही, बावीतून फक्त पंपाची गुरगुर. इतके थंड आकडे त्या चकतीचे जगात कुणी काढले नसतील. मी ते तसेच्या तसे पुण्याला पाठवले. पहिला नियम पाळला. दुसरा नाही पाळला.

सरांचा लगेच फोन. “प्रणाली, पुण्यापेक्षा तीस अंश कमी? थळमध्ये?”

“हवा चांगली आहे सर,” मी म्हणाले.

अजूनही ते वाक्य आठवलं की कान गरम होतात. मी ज्या दमट हवेसाठी नेमलेली होते, तिचंच कौतुक करून मोकळी झाले! आणि सरांनी विश्वास ठेवला. त्यांनी लिहिलं, किनाऱ्यावरच्या सतत वाहत्या वाऱ्याचा कूलिंगवर अनपेक्षित चांगला परिणाम.

इकडे बाबा रोज कुणाला तरी बाव दाखवायला आणायचे. कोणी पाणी ओढायला आली की ओरडायचे, “बादली जपून, खाली कॉम्प्युटर हाय!” आई फक्त नाराज होती. वारा गेला, बोंबील परत पत्र्यावर प्लास्टिकखाली.

चार दिवसांत एक नवा प्रोसेसर आला. त्या कंपनीचा सगळ्यात वरचा. सर म्हणाले, याला अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चाचण्या नकोत, सलग तीन दिवस राबव. मी राबवला. पहिल्या दिवशी सकाळी बासष्ट. मग हळूहळू चढत ऐंशी, नव्वद, शंभर, चकतीनं वेग कमी केला. मग आपोआप उतरत परत बासष्ट. मग परत चढला. सहा तास वर, सहा तास खाली. तिन्ही दिवस तेच. आलेखावर अशी गोल गोल वळणं, कुणी हातानं नक्षी काढावी तशी. मी पंप तपासला, जोड तपासले, मलम दोनदा बदललं. काही केल्या कारण सापडेना. आकडे जसे आले तसे पाठवले.

सर मात्र खूश. इतकी वर्षं हे काम करून त्यांना पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालात खोट सापडली होती. ‘सहा तासांचा आजार’ असं नाव देऊन त्यांनी व्हिडिओ काढला. तो लाखो लोकांनी बघितला, आणि घेतलेले प्रोसेसर लोक परत करायला लागले. कंपनी म्हणाली, असं होऊच शकत नाही. सर म्हणाले, या, माझ्या थळच्या केंद्रावर डोळ्यांनी बघा. थळचं केंद्र म्हणजे तांदळाच्या डब्यांमधलं आमचं टेबल.

मी डोकं धरून आलेखासमोर बसले होते तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. चष्मा वर-खाली करत त्यांनी स्क्रीन बघितली आणि सहज म्हणाले, “पहिल्या दिवशी दशमी होती ना? बरोबर. साडेसातला पानी भरलं. आनि ही दुसऱ्या दिवसाची एकादशी, बघ, पाऊन तास पुढे सरकली. बाय, तुझी मशीन समुद्र ओळखते!”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. भरतीला बावीचं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. आम्हाला हे इतकं नेहमीचं की धुणं-भांडी आम्ही त्यावर ठरवायचो. ओहोटीला पाणी गुंडाळीच्या खाली जात होतं, नळी हवेत लोंबत होती, आणि बिचारी चकती उकडून निघत होती. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन, तीन दिवस भरती-ओहोटीचा आलेख डोळ्यांसमोर असून मला ती ओळखता आली नाही! बाबा दारापर्यंत गेले आणि वळून परत म्हणाले, “हुशार मशीन हाय हां.” त्यांना यात काही वाईट दिसतच नव्हतं. मी सरांना फोन करायला हवा होता. केला नाही. भ्याले. सांगितलं तर पुणं गेलं, न सांगितलं तर कदाचित काहीतरी होईल, असं वाटत होतं. काय होणार होतं, देव जाणे.

पुढच्या पंधरवड्यातल्या त्रयोदशीला दुपारी बाराच्या सुमारास गाडी आली. दातार सर, कॅमेरा, आणि कंपनीतर्फे एकट्या देवयानी मॅडम. मुंबईच्या, बारीकशा, हातात स्वतःचे थर्मामीटर असलेली पेटी. यंत्र सुरू झालं. पंखे नाहीत, नळ्या भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेल्या, हे दोघांनाही दिसलं. सर म्हणाले, “कूलर बाहेर ठेवलायस? हुशार आहेस, खोली तापत नाही.” मी मान डोलवली. मॅडम उठून बाहेर जायला निघाल्या, तेवढ्यात आईनं ताटं मांडली. पापलेटचं कालवण, तांदळाची भाकरी, तळलेला बोंबील. कोळणीच्या घरात ताट वाढल्यावर कोणी उठत नसतं. दातार सरांनी नऊ बोंबील खाल्ले. मी मोजले, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. एकीकडे आकडा चढत होता. सत्तर, अठ्ठ्याहत्तर. पौर्णिमा दोन दिवसांवर, उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही तशीच खोल.

“बघा,” सर बोट दाखवून म्हणाले, “सुरू झाला आजार. जेवण झालं की थेट प्रक्षेपण करू.”

मॅडमनी घास ताटात ठेवला. “सर, याचं तापमान सांभाळणारा भाग माझ्या टीमनं केलाय. पाच वर्षं. तुम्ही हे दाखवलंत की सगळा माल परत बोलावणार, आणि मला घरी पाठवणार. मला फक्त चूक कुठे आहे ते कळू दे. मी रात्र रात्र शोधतेय, सापडत नाही हो.” आईनं त्यांच्या ताटात मुकाट्यानं आणखी एक तुकडी वाढली.

सरांनी हात धुतले, कॅमेरा स्टँडवर लावला. आकडा ब्याण्णव.

“सर, थांबा,” मी म्हणाले. “बावीवर चला.”

सगळे बावीच्या काठावर ओणवे झाले. खाली काळं पाणी, त्याच्या हातभर वर आमची तांब्याची गुंडाळी कोरडी ठणठणीत लोंबतेय, आणि तिच्यावर एक बेडूक बसलेला. मी सगळं सांगितलं. बोंबील, गंज, नळी, भरती, ‘हवा चांगली आहे’, सगळं. बोलताना मी बेडकाकडे बघत होते. मॅडम आधी हसल्या, मग काठाला धरून खाली बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

“साहेब, टेन्शन घेऊ नका,” बाबा म्हणाले. “पाच हात अजून खाली सोडतो. मग ओहोटीला पन लागेल पानी.”

“दोन नियम होते, प्रणाली,” सर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले. “लाखो लोकांसमोर मी या बाईंना खोटं पाडलं. पुण्याचं विसर. खुलासा तू लिहायचास, आजच, तुझ्या नावानं.” आणि ते गाडीत जाऊन बसले. मॅडमनी जाताना आईकडून सुक्या बोंबलाची पुडी बांधून घेतली.

मी दिवेलागणीपर्यंत लिहीत होते. प्रोसेसर निर्दोष आहे. दोष माझा आहे. मी कूलर बिघडवला, मी नळी बसवली, मी लपवलं. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“वाच.”

मी वाचलं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, “मी कुठं हाय यात?”

“तुम्ही कशाला बाबा? जगभर लोक हसतील.”

“हसू दे. नळी कोनी बसवली? तू? तुला पाना धरता येतो?” ते खरोखर चिडले होते. “खोटं बोललीस म्हनून एवढं रामायन झालं ना? आनि परत खोटंच लिहितेस? माझं नाव घाल. पुरतं घाल.”

“मग माझे बोंबील पन घाल,” आई चुलीकडून ओरडली. “वारा बेचाळीस अंशांचा होता, ते पन लिही.”

मी रडत रडत पहिल्यापासून लिहिलं. तांब्याची नळी व जोडणी: हिराजी बाळाराम, थळ. कूलरवर बोंबील सुकवले: सौ. हौसाबाई हिराजी. हे सगळं माहीत असून लपवलं: प्रणाली हिराजी. पाठवून दिलं आणि तोंड धुतलं.

सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ते असं होतं: ‘जसंच्या तसं छापतोय. तीन महिने पुन्हा पहिल्यापासून, पण इथे पुण्यात, माझ्या डोळ्यांसमोर. सोमवारी ये. वडिलांना कृपा करून बरोबर आणू नकोस, आणि त्यांचा कुठलाही सल्ला माझ्या लॅबच्या दारातून आत येणार नाही, हे लेखी दे.’

बाबा अंगणात ऊन खात बसले होते. मी ‘सोमवारी ये’ पर्यंत वाचलं आणि फोन खाली केला.

“आनि माझ्याबद्दल?” बाबांनी विचारलं. “कायतरी लिहिलंच असेल ना?”

“लिहिलंय,” मी म्हणाले. “नळीचं काम चोख होतं, असं लिहिलंय.”

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, “मानूस समजदार हाय.” त्यानंतर वीस वर्षं भेटेल त्याला ते हे सांगत होते, आणि मी शेजारी उभी राहून हो म्हणत होते.